सात अक्षरांची पावती

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय आणि खरं सांगतो, निम्म्याहून जास्त वाचून हसलोय. कुणाला घाटात बाई दिसते, कुणाच्या दारावर कुणी नसताना टकटक होते... मी मनात म्हणायचो, पोट बिघडलं असेल. माझा धंदाच तसा आहे. मी कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहितो. तिथे आपोआप काही होत नाही. बिघाड झाला की त्याला कारण असतं, ते आज नाही तर उद्या सापडतं, आणि बहुतेक वेळा ती आपलीच चूक निघते.

हा अनुभवही माझ्याच चुकीपासून सुरू होतो. म्हणूनच लिहायला आठ महिने लागले.

माझं नाव दत्ता. वय एकोणपन्नास. बीडमध्ये बार्शी नाक्याच्या बाजूला आमचं तीन खोल्यांचं घर आहे, त्यातल्या पुढच्या खोलीत माझं ऑफिस. बायको मुलीच्या कॉलेजसाठी संभाजीनगरला असते. घरात मी आणि माझी माय. आमचं मूळ गाव लिंबागणेशच्या पलीकडचं. माझ्या आई-बापानं बावीस वर्षं ऊस तोडला. मला वसतिगृहात ठेवून ते दर दिवाळीनंतर ट्रकमध्ये बसायचे आणि उन्हाळ्यात परत यायचे. त्यांच्यामुळे मी शिकलो, बारा वर्षं पुण्यात नोकरी केली आणि मग गावाकडच्या ओढीनं बीडला परत आलो.

इथल्या एका संस्थेनं (नाव देत नाही) मला एक काम दिलं. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांसोबत आरोग्याची वही पाठवायची. कोण आजारी आहे, कुणाच्या लेकराची लस राहिली, कोण गरोदर आहे, शेवटची तपासणी कधी झाली, हे सगळं त्यात. टोळी आज एका कारखान्याच्या हद्दीत, महिन्याभरानं दुसऱ्याच जिल्ह्यात. प्रत्येक नव्या दवाखान्यात पहिल्यापासून सांगत बसावं लागतं. कागदाची वही उसाच्या पाचटात कुठे जाते कळत नाही. म्हणून प्रत्येक टोळीला एक टॅब द्यायचं ठरलं. पण फडात रेंज नसते.

मी म्हणालो, याचं उत्तर माझ्याकडे आहे. आम्ही प्रोग्रामर आमचं काम ज्यात ठेवतो त्याला रिपॉझिटरी म्हणतात. साध्या भाषेत सांगायचं तर ही खाडाखोड न होणारी वही. काही बदललं तरी जुनं पान तसंच राहतं आणि नवं पान त्याला जोडलं जातं. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, ते प्रत्येक पानावर असतं. एकाच वहीच्या प्रती चार ठिकाणी असल्या तरी रेंज मिळेल तेव्हा त्या एकमेकींशी जुळतात. बासष्ट टोळ्यांच्या बासष्ट वह्या केल्या, आणि त्या सगळ्यांना सांभाळणारा एक प्रोग्राम मी पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिला. नवी टोळी आली की तो वही उघडायचा, टॅबवरची पानं ओढून घ्यायचा, दोन प्रतींत तफावत असेल तर जुळवायचा, आणि दर रविवारी संस्थेला यादी पाठवायचा. माणसानं एक कमांडसुद्धा मारायची गरज नाही. मला त्या प्रोग्रामचा अभिमान होता, अजूनही आहे. पुण्यात मी मोठमोठ्या कंपन्यांसाठी काम केलं, पण त्यातलं एकही काम मायला समजावून सांगता आलं नाही. हे आलं.

आता एक तांत्रिक गोष्ट सांगतो, कारण सगळं तिच्यावर उभं आहे. वहीतल्या प्रत्येक पानाला मशीन एक ठसा देतं. चाळीस अक्षरांचा, आकडे आणि ए ते एफ मिसळून. पानावरचा मजकूर, लिहिणाऱ्याचं नाव, वेळ आणि आधीच्या पानाचा ठसा, या सगळ्यातून तो निघतो. यातलं एक अक्षर बदललं तर ठसा पार बदलतो, आणि पुढच्या सगळ्या पानांचेही बदलतात. नव्या पानावर जुना ठसा बसवता येत नाही.

टोळ्यांना टॅब देताना मी दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं. नोंदी करायला बहुतेक बायाच आल्या होत्या. दहावी-बारावी झालेल्या, लग्नानंतर हातात कोयता आलेल्या. मी त्यांना सांगितलं, "नोंद झाली की स्क्रीनवर ठसा दिसतो. त्याची पहिली सात अक्षरं वहीत उतरवून ठेवा. ती तुमची पावती." हे मी पुण्यातल्या सवयीनं बोलून गेलो. कुणी मनावर घेईल असं मलाच वाटलं नव्हतं.

दोन हंगाम प्रोग्राम उत्तम चालला. मग अडचण आली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाच्या यादीत ती एकाच नावानं असते, नवऱ्याच्या. दुसऱ्या हंगामाच्या शेवटी संस्थेनं त्या याद्या माझ्याकडे दिल्या आणि म्हणाले, तुमच्या नोंदी यांच्याशी जुळवून द्या. प्रोग्राम जुळवायला गेला तर ओळीमागून ओळ लाल. पानांवर नावं बायांची, यादीत नावं पुरुषांची. तीन दिवस मी डोकं खाजवलं. मग चाळीस ओळींची एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहिली. ती प्रत्येक रिपॉझिटरी उघडणार, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत जाणार आणि जिथे बाईचं नाव असेल तिथे कोयत्याचं नाव घालून सगळा इतिहास नव्यानं लिहून काढणार. खाडाखोड होत नसली तरी वही बनवणाऱ्याला अख्खी वही नव्यानं लिहिता येते.

मे महिन्यातली दुपार होती. बासष्ट वह्या अकरा मिनिटांत झाल्या. लाल ओळी गेल्या, सगळं हिरवं. मी उठून स्वतःसाठी चहा केला, इतका खूश होतो.

जुनी पानं पडून राहिली तर पुढे घोटाळा होईल म्हणून मी तीही साफ केली. सर्व्हरवरून काढली, माझ्या मशीनवरून काढली. टॅब हंगामानंतर संस्थेत जमा झाले होते, तेही पुसून नव्यानं भरले. जुलैत माझा लॅपटॉप बिघडला, तो भंगारात दिला आणि नवा घेतला. नव्या लॅपटॉपवर आल्या त्या फक्त बदललेल्या वह्या. हे वाक्य पुन्हा वाचा. त्या लॅपटॉपनं जुनं पान कधी पाहिलंच नव्हतं.

आणि हे मी कुणालाही सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असंच वाटलं नाही. आज मला त्याचीच जास्त लाज वाटते.

दसऱ्यानंतर एका गुरुवारी संस्थेत बैठक होती. टोळीत नोंदी करणाऱ्यांपैकी एकीला आरोग्य कार्यकर्ती म्हणून कायम घ्यायचं होतं. राहणं बीडमध्ये, बारा महिने काम. अट एकच, दोन हंगामांच्या नोंदी स्वतः केल्याचं कॉम्प्युटरनं दाखवलं पाहिजे. संस्थेच्या समन्वयक मंगलताईंनी अश्विनीचं नाव सुचवलं होतं. दिंद्रुडकडची पोरगी, चोवीस-पंचवीसची, तीन वर्षांची लेक. तिच्या टोळीत दोन हंगामांत एकाही लेकराची लस चुकली नव्हती. निवड झाली तर ती राहणार, नाही तर मंगळवारी टोळीच्या ट्रकमध्ये बसणार.

अश्विनी आली ती नवऱ्याला, बालाजीला, घेऊन. हातात दोनशे पानी वही. संस्थेचे सचिव मला म्हणाले, "सर, दाखवा बघू हिच्या नोंदी."

मी तिच्या टोळीची वही उघडली. प्रत्येक पानावर बालाजीचं नाव.

"ह्या तर हिच्या नवऱ्याच्या दिसतात," सचिव म्हणाले.

बालाजी दारातून म्हणाला, "माझ्या? साहेब, मला मोबाईलवर फोटो बी धड काढता येईना. काढला तर बोटच येतंय त्यात."

"नवरा बायकोच्या बाजूनंच बोलणार."

"मग काय विरोधात बोलू? मला घरी जायचंय की."

दोघे-तिघे हसले. अश्विनी हसली नाही. तिनं वही उघडून टेबलावर ठेवली. "सर, तुमीच सांगितलंवतं, सात अक्षरं उतरवून घ्या म्हून. समद्या हायत. तपासा."

पानभर ओळी. सात अक्षरं, आणि शेजारी तिच्या अक्षरात कुणाचा ताप, कुणाचं बाळंतपण. मी पहिली पावती टाइप केली. मशीन म्हणालं, असं पान नाही. दुसरी. नाही. तिसरी टाइप करताना मला कळलं काय झालंय. नावं बदलली, म्हणजे ठसे बदलले, म्हणजे तिच्या वहीतली एकही पावती आता जगात कशालाच लागू होत नव्हती.

मी तिसरीही टाइप केली. म्हणालो, "सापडत नाही."

सचिव म्हणाले, "बाई, हे मनानं लिहिलंस का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रीनकडे पाहिलं. मी तिथेच बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "बघतो मी, काही टेक्निकल असेल." आणि गप्प बसलो. मंगलताईंनी भांडून निर्णय चार दिवस पुढे ढकलून घेतला, सोमवारपर्यंत.

घरी आलो तर माय ओट्यावर बसली होती. तिला माझा चेहरा वाचायला अक्षरओळख लागत नाही. मी सगळं सांगितलं.

"त्या पोरीचं नाव तू पुसलंस? कावून?"

"प्रोग्राम अडकत होता, माय. यादीत कोयता एका नावानं असतो."

"मग प्रोग्राम नीट करायचा का बायांची नावं?"

मी तिच्याजवळ ओट्यावर टेकलो. ती म्हणाली, "तुजा बाप आजारी पडला तर मुकादम म्हणायचा, आज अर्धा कोयता. मी आजारी पडले तर बी अर्धाच. अर्धा कोण, ते कवा कुणी इचारलं न्हाई. लिहिणारा आपल्यातला न्हवता, म्हून वाईट वाटलं न्हाई." मग पदर झटकून उठली. "तू तर आपल्यातला हायस."

शुक्रवार आणि शनिवार मी जुनी पानं शोधण्यात घालवले. सर्व्हरचे बॅकअप फक्त तीस दिवसांचे. टॅबच्या मेमरीतून पुसलेलं काढून देणारे प्रोग्राम लावून पाहिले, हाती काही लागलं नाही. भंगारवाल्याकडे गेलो, तो म्हणाला, "सर, जुलैचा लॅपटॉप? तो आता कुठंतरी तार होऊन भिंतीत असंल." शनिवारी संध्याकाळी मी मान्य केलं, मीच इतकं चांगलं साफ केलं होतं की काही उरलं नव्हतं.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी ठरवलं, पुरावा नसला तरी लिहून द्यायचं. काय केलं, कधी केलं, सही. दीडच्या सुमाराला लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, नेट बंद. माय पंख्याखाली बसायची म्हणून ऑफिसातच उडीद निवडत होती; पंखा थांबला तरी ती तिथेच राहिली. मी कागदावर लिहिलं, "मी एकूण इतक्या बायांची नावं..." आणि थांबलो. आकडा माहीत नव्हता. निदान कोयत्यांच्या नावांवरून मोजावं म्हणून मी मोजणीचा प्रोग्राम चालवला. तो लॅपटॉपवरच्या प्रतींवरच चालतो, नेट लागत नाही. दर टोळीला एक ओळ छापतो. टोळीचा क्रमांक, पानं किती, लिहिणारे कोण. दोन मिनिटांत संपतो.

पहिली ओळ आली. लिहिणारे: सुनीता, वच्छला.

मला वाटलं, चुकीचं फोल्डर उघडलं.

दुसरी ओळ. लिहिणारे: कुसुम.

"काय झालं रे?" मायनं विचारलं. माझ्या तोंडून काहीतरी निघालं असावं.

"नावं आलीत, माय."

"वाच की मग. मला कुठं वाचता येतंय."

मी वाचलं, "कुसुम." माय सुपातून डोकं न काढता म्हणाली, "कुसुम." तिसरी ओळ आली. "राधा, मनीषा." "राधा, मनीषा," माय म्हणाली. चौथी आली.

दहा-बारा ओळी झाल्यावर माझ्या लक्षात आलं. हा प्रोग्राम भराभर ओळी छापतो, वाचायलाही वेळ देत नाही. आज तो एक ओळ छापून थांबत होता. मी नाव वाचायचो, माय म्हणायची, की पुढची ओळ. मी मुद्दाम एक नाव वाचून मायला हातानं थांब म्हणालो. ती थांबली. स्क्रीनही थांबली. मी मनातल्या मनात पन्नासपर्यंत मोजलं. काही हललं नाही. एंटर दाबलं, काही नाही.

"अरे म्हणू का नको?" माय म्हणाली.

"म्हण."

"शोभा," माय म्हणाली. पुढची ओळ आली.

मला भीती वाटली असं म्हणणं खरं होणार नाही. त्या खोलीत भिण्यासारखं काही नव्हतं. ऊन होतं, उडदाचा वास होता, बाहेर शेजाऱ्यांचा कुकर शिट्ट्या देत होता. मायला मी काही सांगितलं नाही. ती एकेक नाव असं म्हणत होती, जसं दारात आलेल्या पाहुणीला "ये, बस" म्हणावं. मध्येच एकदा ती दूध बघायला आत गेली. मी वाट पाहिली. परत आली, फतकल मारून बसली, म्हणाली, "हं, कोण होती? जनाबाई." आणि जनाबाईनंतरची ओळ आली.

बासष्ट ओळी, एकशे चार नावं. एकही पुरुषाचं नाव नव्हतं असं नाही. सहा पोरांनी खरंच नोंदी केल्या होत्या, ते होते आपल्या जागी. बाकी जिथे जी होती तिथे ती.

संपल्यावर मी पाकिटातून चिठ्ठी काढली. बैठकीत टाइप केलेल्या तीन पावत्या मी त्या दिवशी उतरवून घेतल्या होत्या. पहिली टाकली. पान उघडलं. अश्विनीचं नाव, तारीख, संध्याकाळची वेळ, एका लेकराचा जुलाब. दुसरी उघडली. तिसरी उघडली. ठसा पूर्ण चाळीस अक्षरांचा, आणि मशीनकडून तपासून घेतला तर अस्सल. लाईट आल्यावर सर्व्हर पाहिला. तिथेही जुनी पानं. माझ्या स्क्रिप्टनं लिहिलेला खोटा इतिहास कुठेच नव्हता. परत कुणी आणलं याची नोंदही नव्हती. कुणी परत आणून ठेवलं असेल तर कुठेतरी खूण राहते. इथे एक अक्षर जास्तीचं नव्हतं. जणू मे महिन्यातली ती दुपार झालीच नव्हती.

सोमवारी मी लिहिलेला कागद खिशात घालून गेलो. अश्विनी वही घेऊन बसली होती, मंगळवारच्या ट्रकसाठी सामान बांधून आल्याचं मंगलताई हळूच म्हणाल्या. मी सचिवांना म्हणालो, "पावत्या पुन्हा तपासू."

अश्विनी वाचत गेली. "चार, ए, नऊ, एफ, दोन, शून्य, सी. गोदावरीला ताप, गोळी दिली." मी टाइप करत गेलो, पानं उघडत गेली. वीसेक झाल्यावर सचिव म्हणाले, "बास, पटलं."

"न्हाई साहेब," अश्विनी म्हणाली. "त्या दिशी तीनच तपासून मला खोटी ठरविली. आज समद्या तपासा."

सचिवांनी घड्याळ पाहिलं, मग खुर्ची मागे सरकवून बसले. तिनं शेवटच्या नोंदीपर्यंत वाचलं. पाऊण तास. मध्ये बालाजी फक्त एकदा म्हणाला, "पाणी पी थोडं." ती ताठ बसून वाचत होती आणि माझी छाती अशी भरून आली की माझ्या मुलीच्या निकालालाही तशी आली नव्हती. इतकं नेटकं काम मी पुण्यात भल्याभल्यांकडून पाहिलं नाही. न चुकता, फडातून आल्यावर, चूल पेटवायच्या आधी, दोन हंगाम.

मग मी उठून कागद वाचला. नावं मी बदलली, जुनी पानं मी पुसली, गुरुवारी मी गप्प बसलो. सचिव म्हणाले, "सर, चूक सगळ्यांकडून होते. पण चार दिवसांत बसून सगळं परत आणलंत, हे मोठं आहे."

"मी आणलं नाही."

"बरं, तुमच्या प्रोग्रामनं आणलं."

"त्यानंही नाही. कसं आलं मला माहीत नाही." मी रविवारचं सांगू लागलो, तर ते हसले, मंगलताईही हसल्या. त्यांना वाटलं, मी लाजेपोटी श्रेय टाळतोय. अश्विनीच्या नेमणुकीच्या कार्यक्रमात त्यांनी मला शाल-श्रीफळ दिलं, "हरवलेला इतिहास परत आणणारे" म्हणून. मी माईकवर पुन्हा सांगितलं, मी नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

फक्त अश्विनीनं ते हसण्यावारी नेलं नाही. बाहेर पायऱ्यांवर तिनं मला गाठलं. "सर, पुसली कावून?"

"यादीशी जुळत नव्हती."

तिनं जरा विचार केला. "आता जुळविता का?"

जुळवतो म्हणालो आणि तो प्रोग्राम मी आठ दिवसांत बदलला. आता एका कोयत्याला दोन नावं आहेत. मुकादमांनी आधी कुरकुर केली, एक म्हणाला, "सर, उद्या लेकरांची बी नावं टाकसाल." मी म्हणालो, लस त्यांनाच द्यायची असते, टाकलीच आहेत. यंदाच्या हंगामाचं प्रशिक्षण अश्विनीनं घेतलं. मी मागच्या बाकावर बसलो होतो. बायांना ती म्हणाली, "आदी सोताचं नाव टाका. पुढचं काय बी चुकलं तर दुरुस्त व्हतंय." घरी आल्यावर मी मायला हे सांगितलं, तर माय म्हणाली, "पोरगी लई हुशार हाय. तुज्यापेक्षा." मला त्याचा राग आला नाही, उलट दिवसभर बरं वाटत राहिलं.

रविवारच्या त्या मोजणीची फाईल माझ्याकडे आहे. प्रोग्राम प्रत्येक ओळीची वेळ नोंदवतो. दोन ओळींमध्ये कुठे चार सेकंद, कुठे सात, शोभाच्या ओळीनंतर जवळजवळ मिनिटभर, जनाबाईच्या ओळीनंतर सहा मिनिटं. दूध तापायला तेवढा वेळ लागतो. ती फाईल मी पुण्यातल्या जुन्या सहकाऱ्याला पाठवली. त्यानं आठवडाभर पाहून फोन केला. म्हणाला, "दत्ता, तुझ्याकडे जुनी प्रत कुठेतरी असणारच, तू विसरला असशील. आणि ओळींचं म्हणशील तर डिस्क मंदावली असेल." त्याच्या जागी मीही हेच म्हणालो असतो. पण नवा लॅपटॉप त्यानंतर आजपर्यंत एकदाही मंदावलेला नाही, आणि प्रत नव्हती. मी स्वतः पुसली होती, मला ते पूर्ण आठवतं.

माय म्हणते यात एवढं काय, बायांची नावं बायांना मिळाली. तिला हे नवल वाटतच नाही. मी अजून मधूनमधून रविवारी दुपारी ती फाईल उघडून बसतो. पुरते आठ महिने शोधून मला कारण सापडलेलं नाही, आणि आता सापडेल असंही वाटत नाही.

हे इथे लिहिण्याचं कारण वेगळं आहे. संस्थेच्या अहवालात छापून आलंय की हे काम मी केलं. तिथे माझं ऐकून घेत नाहीत. म्हणून तुम्हा वाचकांसमोर नोंद करून ठेवतो. नावं पुसली ती मी. परत कुणी लिहिली ते मला माहीत नाही. मी लिहिली नाहीत.